माजी अध्यक्षांच्या घरची नवमी

वर्षातून एक दिवस मी दुसऱ्या बाईच्या वतीने जेवायची. सलग बत्तीस वर्षं जेवले. ती बाई म्हणजे कुमुद देवपुजारी, सन एकोणनव्वदमध्ये वारलेली. आणि वाढणारी म्हणजे तिच्या जागी आलेली उत्तरा. ही हकिगत उत्तराची आहे. आपण लिहिण्यासारखं काही केलं नाही, असं तिचं स्वतःचंच मत आहे. माझं मत वेगळं आहे, आणि माझी मतं मी सहसा गिळत नाही.

नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं श्राद्ध आमच्यात पितृपंधरवड्यातल्या नवमीला करतात. अविधवा नवमी म्हणतात तिला. त्या दिवशी गेलेल्या बाईच्या नावाने एक सवाष्ण, म्हणजे जिचा नवरा हयात आहे अशी बाई, जेवायला बोलवायची, गेलेलीच्या आवडीचे पदार्थ करायचे, सवाष्णीची ओटी भरायची. देवपुजाऱ्यांच्या घरची सवाष्ण मी. माझी पात्रता एवढीच, की माझे यजमान चंपतराव जिवंत आहेत. भाद्रपद लागला की उत्तराचा फोन यायचा, "सरिताताई, चंपतरावांची तब्येत बरी आहे ना?" माझ्या नवऱ्याच्या तब्येतीची एवढी चौकशी मीसुद्धा कधी केली नाही. चंपतरावांनीही तिला एकदा निराश केलं नाही. आयुष्यात त्यांनी सातत्याने केलेलं हे एकच काम.

उत्तराचे यजमान मधुकरराव देवपुजारी नागपुरातल्या आमच्या महाल भागातल्या लोकहित वाचनालयाचे अध्यक्ष होते. मी तिथे ग्रंथपाल. नऊ वर्षं त्यांनी खुर्ची सांभाळली आणि मी पुस्तकं. त्र्याण्णवच्या निवडणुकीत ते चार मतांनी पडले आणि तेव्हापासून जन्मभर माजी अध्यक्ष राहिले. दारावरच्या पाटीवर माजी अध्यक्ष, पत्राच्या कागदावर माजी अध्यक्ष, मुलांच्या लग्नपत्रिकेत नावाखाली माजी अध्यक्ष. एरवी माणूस वाईट नव्हता. विमा कंपनीत नोकरी, संध्याकाळी वेळेवर घरी, व्यसन नाही, वरच्या पट्टीत बोलणं नाही. फक्त दुःखाबद्दल ते एक अक्षर बोलायचे नाहीत आणि दुसरं कोणी बोललेलंही त्यांना चालायचं नाही.

कुमुद त्यांची पहिली बायको आणि माझी मैत्रीण. इतकी मोठ्याने हसायची, की वाचनालयातली 'शांतता राखा'ची पाटी मी तिच्याकडे तोंड करून लावली होती. दुपारी येऊन माझ्या टेबलाशी बसायची, माझा डबा खायची आणि स्वतःच्या घरची भाजी माझ्या गळ्यात मारायची. काविळीने आठ दिवसांत गेली. मुलगा रजत नऊ वर्षांचा होता, मुलगी नूपुर पाच वर्षांची. तेरावा झाल्यावर मधुकररावांनी तिचा फोटो हॉलमध्ये टांगला आणि तिचं नाव घरात बंद केलं. मुलांनी आईचा विषय काढला की आजी पदर डोळ्यांना लावायची आणि अध्यक्ष उठून गच्चीवर जायचे. दोन वर्षांत मुलं शिकली, की हा विषय काढायचा नसतो.

उत्तरा पारशिवनीची. वडील प्राथमिक शाळेत मास्तर, चार भावंडांत ही थोरली. बी. कॉम. होऊन मौद्याच्या एका हायस्कुलात कनिष्ठ लिपिक म्हणून लागली आणि पगार घरी देत राहिली. एका भावाचं शिक्षण, मग दुसऱ्याचं, मग बहिणीचं लग्न. तिच्या लग्नाचा विचार करायला सगळे मोकळे झाले तोवर ती चौतीस वर्षांची होती आणि बिजवराशिवाय स्थळ येत नव्हतं. मधुकररावांचं स्थळ वाचनालयाच्या एका सभासदाने नेलं. लोक म्हणाले, बिचारीने आईविना पोरांसाठी त्याग केला. मी एकदा तिला तसं विचारलं, तर ती चक्क चिडली.

"त्याग-बिग काही नाही, सरिताताई. मले घर पायजे होतं. भावाच्या घरी माझी खाट पॅसेजमध्ये होती. बाथरूमले जाणारा जो तो पायाले लागून जाये."

एक्याण्णवच्या मे महिन्यात लग्न झालं, तीस माणसांत, वीस मिनिटांत. रजत पूर्ण वेळ बाहेर स्कूटरवर बसून होता. आमच्यात दुसरेपणाच्या बायकोने पहिलीचा टाक, म्हणजे तिच्या नावाची चांदीची छोटी प्रतिमा, गळ्यात घालायची जुनी रीत आहे. नव्या पिढीने सोडली होती, पण सासूबाईंनी सोडली नव्हती. मंगळसूत्राबरोबर तो टाकही उत्तराच्या गळ्यात पडला. तो घालून ती रोज एसटीने मौद्याला जायची. शाळेतल्या शिपायाने विचारलं, बाई, हे काय आहे? म्हणाली, "या आमच्या घरच्या मोठ्या बाई. ड्यूटीवर माझ्यासोबत येतात."

घरात मात्र विनोद करायला जागा नव्हती. मुलं तिला मावशी म्हणायची, तेही आजीने सांगितलं म्हणून. नूपुर लहान होती, दहा दिवसांत मांडीवर येऊन बसायला लागली. रजत चार महिने तिच्याशी एक शब्द बोलला नाही. वही हवी असली तर समोर उभ्या असलेल्या तिच्यादेखत तो नूपुरला म्हणायचा, "तिला सांग, वही पाहिजे." उत्तरा वही आणून नूपुरच्या हातात द्यायची आणि नूपुर ती त्याच्या हातात. हे सगळं दोन हातांच्या अंतरात चालायचं.

मग पहिला भाद्रपद आला. सासूबाई म्हणाल्या, नवमी आता तुलाच करायची. उत्तराने शाळेत किरकोळ रजेचा अर्ज टाकला. कारण लिहिलं, 'घरगुती धार्मिक कार्य'. मुख्याध्यापकांनी विचारलं, कोणाचं? ही म्हणाली, सवतीचं. त्यांनी मान वर न करता सही केली.

सवाष्ण कुमुदच्या वयाची आणि तिला ओळखणारी हवी, असा सासूबाईंचा हुकूम होता, म्हणून मला बोलावणं आलं. मी खरं तर रागातच गेले. माझ्या मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात ही परकी बाई कशी वावरते ते बघायला गेले म्हणा ना. गुरुजी विधी उरकून गेले. मी पाटावर बसले. समोर केळीचं पान, पानावर खीर, वडे, आमसुलाची चटणी, अळूची भाजी, सगळं रीतसर. दोन्ही मुलं दाराच्या चौकटीला टेकून उभी, जशी पाहुण्यांच्या घरी उभी राहतात तशी.

उत्तरा तुपाचं भांडं घेऊन आली आणि वाकता वाकता थांबली. मग मागे वळून रजतला म्हणाली, "हे तुझ्या आईचं पान आहे. तूप तू वाढ. मी कोण लागते?"

सासूबाई काही म्हणणार होत्या. पण रजत पुढे आला होता. त्याने भांडं घेतलं, माझ्या भातावर तूप घातलं, जरा जास्तच घातलं, आणि खाली बघत म्हणाला, "आईला भाताबरोबर मेतकूट लागायचं."

त्या घरात दोन वर्षांनी आई हा शब्द उच्चारला गेला होता. मधुकरराव उठून गच्चीकडे निघाले. उत्तराने त्यांना अडवलं नाही. तिने रजतला विचारलं, "कोणतं मेतकूट, घरचं की विकतचं?" तो म्हणाला, घरचं. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटलं आणि मागे पेन्सिलीने लिहून घेतलं. लिपिकच ती, ऐकलेलं लिहिल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. नूपुरलाही मग जोर चढला. आईला हे आवडायचं, आईला ते आवडायचं. उत्तरा लिहीत गेली. मी मान खाली घालून जेवत होते, कारण माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि सवाष्णीने पानावर रडू नये म्हणतात. माझा राग त्या दुपारी संपला.

तेव्हापासून नवमी हा त्या घरात कुमुदबद्दल बोलायचा दिवस ठरला. एरवी वर्षभर गप्प, पण त्या दिवशी धर्मानेच परवानगी दिलेली, त्यामुळे अध्यक्षांनाही तोंड उघडता यायचं नाही. आदल्या आठवड्यात उत्तरा मुलांना विचारायची, या वर्षी आईसाठी काय करायचं? ती सांगतील ते करायची. आता गंमत अशी, की नूपुरला आई फारशी आठवत नव्हती. पाच वर्षांच्या पोरीला काय आठवणार? मग ती आठवणी तयार करायची. एका वर्षी आईला साबुदाण्याची खीर आवडायची, एका वर्षी आईला जिलबी आवडायची. नऊ वर्षांची झाली तेव्हा म्हणाली, आईला पावभाजी आवडायची.

कुमुदने उभ्या जन्मात पावभाजी खाल्ली नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. सासूबाई पाटावरून पडायच्याच बाकी होत्या. श्राद्धाच्या पानात पावभाजी! उत्तरा म्हणाली, "कांदा-लसूण घालत नाही. पावाऐवजी पोळी ठेवते. मग काही अडचण आहे का?" शास्त्रात पावभाजीबद्दल काही लिहिलेलं नसल्यामुळे गुरुजींनाही अडचण सांगता आली नाही. मी केळीच्या पानावर पावभाजी खाल्ली, ती नागपुरात तरी मी एकटीच असेन. माझ्यामागून नूपुर दोनदा घेऊन जेवली. मी काही बोलले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

वर्षं गेली. सासूबाई गेल्या. रजत इंजिनिअर होऊन हैदराबादला गेला, तिथेच लग्न करून राहिला. नूपुर लग्न होऊन त्रिमूर्तीनगरला गेली, बँकेत लागली. महालातलं घर भाऊबंदांत वाटलं गेलं आणि मधुकरराव-उत्तरा हुडकेश्वरला फ्लॅटमध्ये राहायला आले. उत्तरा वरिष्ठ लिपिक होऊन निवृत्त झाली. शाळेने शाल-श्रीफळ दिलं आणि दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, की जुन्या दाखल्यांच्या कपाटाची किल्ली कुठे आहे.

रजत दिवाळीला यायचा नाही. त्याच्या सासरची दिवाळी असायची, कंपनीचं काम असायचं, कधी तिकीट मिळायचं नाही. पण नवमीला तो आला नाही असं एकही वर्ष गेलं नाही. आदल्या दिवशी यायचा, दुसऱ्या दिवशी तूप वाढायचा, संध्याकाळी नूपुरशी भांडायचा, तिसऱ्या दिवशी परत जायचा. बायको-मुलांनाही आणायचा कधी कधी. हे तीन दिवस उत्तराचं वर्ष होतं. ती तसं म्हणायची नाही. पण पाहुण्यांच्या गाद्या ती श्रावणातच उन्हात घालायची, त्यावरून मला कळायचं.

शेवटची चार वर्षं मधुकरराव अर्धांगवायूने अंथरुणाला होते. सगळं तिने केलं. बाई ठेवली होती, पण बाई दुपारी दोनला जायची. त्यांची स्मृती गेली, अध्यक्षपद मात्र राहिलं. मी भेटायला गेले की विचारायचे, सभासदांची थकलेली वर्गणी आली का? उत्तराला कधी कधी कुमुद म्हणून हाक मारायचे. मला वाटायचं, हिला किती लागत असेल. ती बेडपॅन उचलता उचलता सांगायची, "मी उत्तरा आहो. कुमुदताई नवमीला येईन." आणि पुढच्या कामाला लागायची.

तेवीसच्या फेब्रुवारीत ते गेले. तेराव्याच्या दिवसापर्यंत उत्तराच्या गळ्यातलं मंगळसूत्र उतरलं होतं, टाकही उतरला होता, तो आता देवघरात होता. जेवणं झाल्यावर रजत डायरी घेऊन गुरुजींपाशी बसला. हा सगळं आधी ठरवून ठेवणारा मुलगा. वर्षश्राद्ध कधी, तिथी कोणती, रजा कधी घ्यायची. मग त्याने विचारलं, भाद्रपदातल्या नवमीचं काय?

गुरुजी म्हणाले, "आता नवमी नाही. यजमान गेले की अविधवा नवमी लोपते. आईंचं आता वडिलांसोबतच. एक काम कमी झालं तुमचं."

आमच्यात असंच मानतात, गुरुजींनी मनचं काही सांगितलं नाही. रजतने डायरीत एक ओळ खोडली. उत्तरा भिंतीला टेकून बसली होती. तिने पाहिलं, आणि ती पाहते आहे हे मी पाहिलं. वडिलांचं वर्षश्राद्ध रजत हैदराबादलाच करणार होता, तिथल्या मठात सोय होती. म्हणजे आता त्या मुलाला नागपूरला यायला एकही तारीख उरली नव्हती.

जुलैत एका दुपारी ती माझ्याकडे आली. चहा झाला, चंपतरावांची तब्येत झाली. तीही सवयीनेच विचारली, आता तिची काही गरज नव्हती. मग म्हणाली, "सरिताताई, नवमी नाही तर रजत कशाले येईन?"

"तुला भेटायला येईल."

"माह्यासाठी तो कधीच आला नाही. आईच्या पानासाठी आला. मी वाढणारी होती."

"फोन कर नं मग त्याला. म्हणावं ये."

केला होता म्हणे. चार दिवसांपूर्वी. सरळ सांगता येईना म्हणून तिने विचारलं, की गुरुजींनी सांगितलं तरी यंदा नवमी करू का, मला काही त्रास नाही. रजत म्हणाला, "काहून स्वतःला दमवून राहिली मावशी? झालं आता. बत्तीस वर्षं केलं, कोणा सख्खीनेही केलं नसतं. आता आराम कर." नूपुर तर म्हणाली, "सुटलीस तू!" दोघंही मनापासून बोलली होती. मायेनेच तिला घरातून मोकळं करून टाकलं होतं.

मला राग आला. कोणाचा आला ते त्या वेळी सांगता आलं नसतं. मी म्हटलं, "उत्तरा, वं, तोंड उघडून सांग की त्यांना, की मला तुम्ही यायला हवे आहात. त्यात कसली आली आहे लाज? त्या कुमुदच्या नावाआड किती दिवस उभी राहशील? आणि तुला म्हणून सांगते, कुमुदने पावभाजी कधी तोंडात घातली नव्हती. जिलबीनं तिचा घसा धरायचा. तू बत्तीस वर्षं खोटं पान वाढलंस आणि मी खोटं जेवले."

बोलून गेले आणि जीभ चावली. तिने कप खाली ठेवला.

"मले माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"पावभाजी कुमुदताईची नव्हती. नऊ वर्षांची पोरगी आईच्या नावानं काय मागून राहिली, हे समजाले काय डोक्शालिटी लागते? ते पान मी त्या पोरांचंच वाढत होती. त्यांच्या नावानं वाढलं असतं तर रजत जेवला नसता. आईच्या नावानं वाढलं तर उभा राहून बघत होता, मग मागून जेवत होता." तिने खाली ठेवलेला कप बाजूला सारला. "तेव्हा बरं पडलं ते. सवय लागून गेली. आता माह्या नावानं बोलवाचं म्हटलं तर मले येतच नाही."

मी उठले, चंपतरावांचा चष्मा बाजूला केला आणि तिच्यापुढे वही ठेवली. म्हटलं, "बोलता येत नाही ना? मग लिही. लिहिता तर येतं? पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज आवक केलेस, आता एक स्वतःचा कर."

तिने हसून पेन घेतलं. पहिला मसुदा केला, की वडिलांची पुस्तकं वाटून न्यायची आहेत, तरी दोघांनी यावे. मी तो फाडला. दुसरा केला, की गॅलरीचा पत्रा गळतो, तो बदलावा की कसे याबाबत विचारविनिमय करायचा आहे. म्हटलं, पत्र्यासाठी हैदराबादहून माणूस येतो का? तोही फाडला. तिसऱ्या मसुद्याला तिने पाऊण तास घेतला. मी तोवर भाजी निवडली. मग तिने तो फोनमध्ये घातला आणि पाठवायच्या आधी मला दाखवला.

'प्रति, रजत व नूपुर. विषय: नवमीच्या दिवशी घरी येणेबाबत. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की यंदा नवमीचे श्राद्ध नाही, गुरुजी नाहीत, सवाष्ण नाही. तरी आपण दोघांनी यावे. कारण: मला तुमची आठवण येते.'

कारणाची ओळ तिने दोनदा खोडून पुन्हा लिहिली होती. पाठवायचं बटण तिच्या हातून दबेना. मी दाबणार होते, पण म्हटलं, हे काम हिचंच आहे. शेवटी तिने दाबलं आणि फोन माझ्या सोफ्यावरच्या उशीखाली सारला.

नूपुरचं उत्तर दहा मिनिटांत आलं. हो, आणि तीन रडके चेहरे. रजतच्या दोन निळ्या खुणा दिसल्या, पण उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. उत्तरा मला फोन करून म्हणायची, "लिहाले नाही पायजे होतं. पोरगा अडचणीत आला असंन." मी तिला धीर द्यायची आणि फोन ठेवून रजतला मनातल्या मनात दोन शिव्या घालायची. त्या चार दिवसांत मला खरोखर भीती वाटली. मीच तिला लिहायला लावलं होतं. तो आला नसता तर तिच्याजवळ नवमीही उरली नसती आणि नवमीच्या नावाचा आडोसाही उरला नसता.

पाचव्या दिवशी रजतचा फोन आला. तिने मला नंतर शब्दशः सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, येतो. काय करशील त्या दिवशी?"

ती म्हणाली, "तू सांगशील ते."

तो म्हणाला, "मी नाही सांगणार. तुला काय आवडतं?"

"मग?" मी विचारलं. "काय सांगितलंस?"

"मले सुचलंच नाही काही," ती म्हणाली. "म्हटलं, विचार करून सांगते."

मीही विचार केला. बत्तीस वर्षांत मी तिच्याकडे किती जेवले, कुमुदच्या, नूपुरच्या, रजतच्या, मधुकररावांच्या आवडीचं जेवले. उत्तराला काय आवडतं ते मला सांगता येईना. स्वतःची मोठी लाज वाटली.

नवमीला मी गेले, सवाष्ण म्हणून नाही, नुसतीच. चंपतरावांनाही नेलं, कधी नव्हे ते. टेबलावर स्टीलची ताटं होती. वांग्याची भाजी, वरण, भात, कोशिंबीर, साधा स्वयंपाक. तोही नूपुरने सकाळी येऊन केलेला. उत्तरा ओट्यापाशी कणीक मळायला जाऊ लागली तसं रजतने तिला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. त्रेचाळीस वर्षांचा मुलगा, केस पिकायला लागलेले.

"सांगितलं नाहीस तू अजून," तो म्हणाला. "काय आवडतं?"

ती ताटाकडे बघत राहिली. नूपुर हातात डाव घेऊन उभी होती.

"हसू नका," उत्तरा म्हणाली. "मले गरम पोळी पायजे. तव्यावरची. मी बसली असताना कोणीतरी आणून वाढलेली."

कोणी हसलं नाही. नूपुरने तोंड फिरवलं. माहेरी तीन भावंडांना वाढून मग जेवलेली, सासरी सासू, नवरा, मुलं, सवाष्ण यांना वाढून मग जेवलेली ती. सहासष्ट वर्षांच्या आयुष्यात बाईने गरम पोळी खाल्ली नसेल असं नाही. पण बसून, कोणी आणून दिलेली, नाही.

रजत उठला आणि कणकेला भिडला. हॉस्टेलात शिकला होता म्हणे, पण कोणत्या हॉस्टेलात ते देवाला ठाऊक. पहिली पोळी तव्यावर पडली तेव्हा तिला तीन कोपरे होते. ती फुगली नाही, एका जागी काळी झाली. त्याने तिच्यावर तूप ओतलं, जरा जास्तच ओतलं, आणि ताटात आणून टाकली. उत्तराने तुकडा मोडला. बोट भाजलं, तिने ते तोंडात घातलं. मग खाल्ली. दुसरी आली, ती खाल्ली. तिसरी आली. ती मान वर न करता जेवत होती, चांगलं पोटभर, आणि गालांवरून वाहणारं पुसायलाही हात रिकामा करत नव्हती.

चौथी घेऊन रजत आला आणि तिच्या खुर्चीजवळ उभा राहिला. तोही रडत होता, पण त्याला वाटत होतं, आपण धुराने रडतो आहोत.

"मावशी, पुढच्या वर्षी नवमी कोणत्या तारखेला येते?" त्याने विचारलं. "रजा टाकून ठेवतो."

"नवमी नाही आता," ती तोंडात घास असतानाच म्हणाली. "तुले आठवण आली की ये. अन् पोळी जरा पातळ लाट."